ऊन नाही? नो प्रॉब्लेम!

उत्तरेकडची खिडकी, समोर बारा मजली टॉवर, आणि तरीही घरात फुलं हवीत? मग आफ्रिकन व्हायोलेटशी ओळख करून घ्याच!

फ्लॅट बघायला जाताना आपण काय काय विचारतो? पाणी किती तास येतं, पार्किंग कव्हर्ड आहे का, डिपॉझिट किती, बॅचलर्स चालतात का. पण या घरात ऊन कुठून येतं, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न पडतो दोन-तीन महिन्यांनी. नर्सरीतून हौसेने आणलेला गुलाब तोपर्यंत एकेक पान गाळत नुसती काडी झालेला असतो, मोगऱ्याला कळीचं नाव नसतं आणि आईने गावाहून येताना लावून दिलेली तुळससुद्धा मान टाकते. मग आपण जाहीर करून टाकतो, ‘माझ्या हाताला झाडं जगतच नाहीत यार!’

हाताचा काही दोष नाही, मंडळी. गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तुमच्या खिडकीत ते सकाळी वीस मिनिटं डोकावतं आणि समोरच्या बिल्डिंगमागे जातं. या हिशेबात कुठलंही खत घातलं तरी बाकी शून्यच येणार.

मग नर्सरीवाला मनी प्लांट देतो, नाहीतर सिंगोनियम, नाहीतर झीझी प्लांट. ही सगळी गुणी झाडं आहेत, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण फूल ते फूल! सोमवारी सकाळी लॅपटॉपची बॅग उचलताना खिडकीत काहीतरी नवीन उमललेलं दिसलं, की ऑफिसचा रस्ता जरा बरा जातो. कमी उजेडात, घराच्या आत, जवळजवळ वर्षभर फुलणारी झाडं फार नाहीत. जी आहेत त्यांत माझा पहिला नंबर आफ्रिकन व्हायोलेटचा. तळहाताएवढं झाड, मखमलीसारखी लव असलेली गोल पानं आणि मधोमध जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांचा गुच्छ. एका मल्टिप्लेक्सच्या तिकिटाच्या आसपास मिळतं आणि पिक्चरपेक्षा पुष्कळ जास्त चालतं.

नावातच घोळ

आधी एक गंमत सांगते. ही व्हायोलेट खरी व्हायोलेट नाहीच!

खरी व्हायोलेट म्हणजे व्हायोला. युरोपातल्या बागांमध्ये झाडांच्या बुंध्याशी पसरणारी, सुगंधी ‘स्वीट व्हायोलेट’ त्यातलीच. ती सावलीतली म्हणून प्रसिद्ध आहे, पण तिची सावलीही हुशार असते. थंडीत वरच्या झाडांची पानं गळलेली असतात तेव्हा ती जमिनीवर येणारा उजेड पिऊन घेते, वसंताच्या सुरुवातीला फुलते, आणि वर पालवी दाट होऊन सावली पडेपर्यंत तिचं मुख्य काम उरकलेलं असतं. हे सगळं जमायला हिवाळा कडक लागतो. आपल्या एप्रिल-मेमध्ये ती टिकाव धरत नाही. आपल्याला ती भेटते वाळवलेली, युनानी औषधांच्या दुकानात. सर्दी-खोकल्याच्या काढ्यात घालतात तो ‘बनफशा’ म्हणजेच ही बाई.

हिवाळ्यात आपल्या नर्सऱ्यांमध्ये माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसणारी पॅन्सी येते ना, तीही व्हायोलाच. म्हणजे ती खरी व्हायोलेट, पण तिला हवं चांगलं ऊन. आणि आपल्या माळरानावर पावसाळ्यात उगवणारा रतनपुरुष आठवतोय? बोटभर झाड आणि एकच मोठी जांभळट गुलाबी पाकळी. तोसुद्धा व्हायोलेटच्याच कुळातला. नातं असून कुणी ओळख देत नाही, आणि नात नसलेली आफ्रिकन पाहुणी मात्र आडनाव लावून मिरवते!

तिचं खरं कुळ वेगळं, जेस्नेरिएसी. या कुळाचे नातेवाईक आपल्या सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्याच्या शेवटी ट्रेकला जाता तेव्हा ओल्या, सावलीतल्या कातळाला चिकटून एका बाजूला निळीजांभळी फुलं लटकवलेलं एक नाजूक झाड दिसतं. ऱ्हिंकोग्लॉसम असं त्याचं जीभ वळवणारं नाव. पुढच्या वेळी दिसलं तर फोटो काढा, पण उपटू नका, प्लीज. तो कातळ, ती सावली आणि ती ओल तुमच्या कुंडीत येत नाही.

टांगा ते टेबल

टांगा म्हणजे आपला घोड्याचा नव्हे. आजच्या टांझानियातलं समुद्राकाठचं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा भाग जर्मनांच्या ताब्यात होता आणि टांगाचा कारभार बघणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याचं नाव होतं वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर. १८९२च्या सुमाराला त्याला जवळच्या उसांबारा डोंगररांगांच्या परिसरात हे झाड दिसलं आणि त्याने ते जर्मनीत वडिलांकडे पाठवलं. वडिलांना झाडांचं वेड. त्यांनी ते हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेत हरमान वेंडलांड या वनस्पतितज्ज्ञाकडे दिलं. वेंडलांडने १८९३मध्ये त्याचं बारसं केलं, सेंटपॉलिया आयोनान्था. पहिलं नाव या बापलेकांवरून आणि दुसऱ्याचा अर्थ ‘व्हायोलेटसारख्या फुलांची’. झालं, तिथूनच नावाचा घोळ सुरू!

अर्थात, डोंगरात राहणाऱ्या लोकांनी हे झाड त्याच्याआधी कित्येक पिढ्या बघितलं असणार. पण इतिहासाच्या पुस्तकात शोध लागतो तो पोस्टाने पाठवणाऱ्याचा.

पुढे १९२०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने युरोपातून बिया मागवल्या, हजारो रोपं वाढवली आणि त्यातली दहा निवडून बाजारात आणली. ‘ब्लू बॉय’ त्यातलं सगळ्यात गाजलेलं. अमेरिकन घरांच्या खिडक्यांमध्ये हे झाड इतकं रुळलं की १९४६मध्ये तिथे फक्त याच झाडाच्या प्रेमिकांची ‘आफ्रिकन व्हायोलेट सोसायटी ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. आणि ताजी खबर? २०१५मध्ये शास्त्रज्ञांनी सेंटपॉलिया हा स्वतंत्र गटच मोडीत काढून त्याला स्ट्रेप्टोकार्पसमध्ये घातलं. थोडक्यात, या बयेचं आडनाव लोकांनी चुकीचं लावलं आणि खरं होतं तेही बदललं. तिच्या फुलांवर मात्र काही परिणाम झालेला नाही.

सावली म्हणजे अंधार नव्हे

आता कामाचं बोलू. हे झाड मूळचं राहतं दाट जंगलात, शेवाळलेल्या खडकाच्या खाचेत. वर उंच झाडांचं छप्पर, खाली गाळून आलेला उजेड, मुळाशी मूठभर कुजलेला पाचोळा आणि पाणी आलं की लगेच वाहून जातं. एवढं एक चित्र डोक्यात ठेवलं तर काळजी कशी घ्यायची, याचे नव्वद टक्के नियम पाठ करावेच लागत नाहीत.

पहिला नियम उजेडाचा. थेट ऊन नको, पण बाथरूमचा कोपराही नको. खिडकीत जागा ठरवण्याआधी एक सोपी टेस्ट करा. दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीची कडा धारदार दिसली तर उजेड जास्त आहे, पातळ पडदा लावा. सावली पडलीच नाही तर उजेड कमी. सावली पडतेय, पण कडा धूसर आहे? तीच जागा!

पुढचं झाड स्वतः सांगतं. पानांचे देठ लांब होऊन वर ताणले जात असतील आणि फुलं येत नसतील, तर ते उजेड शोधतंय. पानं फिकट पडून मधोमध घट्ट गोळा होत असतील किंवा कडा खाली वळत असतील, तर उजेड जास्त होतोय. आठवड्याला कुंडी पाव वळण फिरवा, नाहीतर झाड एकाच बाजूला कलतं.

खिडकी अगदीच अंधारी असेल तर? वीस वॉटची साधी पांढरी एलईडी ट्यूब झाडाच्या वर सुमारे फूटभर अंतरावर लावा आणि रोज दहा-बारा तास चालू ठेवा. बिलाची भीती वाटत असेल तर हिशेब करून दाखवते. बारा तासांनी महिन्याला साधारण सात युनिट. फक्त रात्री ट्यूब बंद करायची. या झाडाला किमान सात-आठ तास अंधार लागतो. झोप न झालेल्या माणसाप्रमाणे तेही काम करेनासं होतं. (नाइट शिफ्टवाल्यांनो, टायमरवाला प्लग घ्या.)

पाणी: कमी, पण बेताने

आफ्रिकन व्हायोलेट तहानेने क्वचित मरते. ती मरते प्रेमाने. येताजाता ग्लासभर पाणी घालणारी प्रेमळ माणसं हीच तिची खरी शत्रू.

माती वरून कोरडी लागली की पाणी द्यायचं. बशीत पाणी घ्या, कुंडी त्यात अर्धा तास ठेवा, उरलेलं ओतून टाका. वरून घालायचंच तर पानांखालून, लांब चोचीच्या बाटलीने. पानाच्या लवेवर फ्रिजच्या पाण्याचा थेंब पडला तर तिथे पिवळट पांढरी वर्तुळं उठतात आणि ती जात नाहीत. पाणी रूम टेम्परेचरचंच हवं. मध्यभागी, जिथून नवी पानं फुटतात, तिथे पाणी साचलं तर झाड बुडख्यापासून कुजतं.

टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरे क्षार जमतात आणि तिथे टेकलेले देठ सडतात. प्यायचं फिल्टर केलेलं पाणी वापरा, किंवा जूनमध्ये गॅलरीत एक बादली ठेवा. पावसाच्या पाण्याला बिल नाही.

टूरवर जाणाऱ्यांसाठी खास युक्ती आहे. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. झाकणाला भोक पाडा. कुंडीच्या तळातून एक नायलॉनची दोरी मातीत वरपर्यंत घाला आणि तिचं दुसरं टोक त्या भोकातून डब्यातल्या पाण्यात सोडा. झाड स्वतःच्या गरजेप्रमाणे पाणी वर ओढून घेतं आणि आठवडाभर तुमची आठवणही काढत नाही. दोरी सुती नको, ती कुजते. आणि या पद्धतीला मिश्रण हलकंच हवं. मातीत दोरी घातली तर चिखल होईल.

मिश्रण म्हणजे धुऊन घेतलेलं कोकोपीट, परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट समान भाग. बागेतली काळी माती अजिबात नको. कुंडी लहान, तीन ते चार इंचांची. झाडाचा घेर जेवढा, त्याच्या एक तृतीयांश. मोठ्या कुंडीत ओल जास्त राहते, मुळं गुदमरतात आणि फुलं रुसतात. खत पातळ करून, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेत. सुकलेली फुलं आणि पिवळी पानं काढत राहा.

या झाडाला आवडणारं तापमान १८ ते २६ अंशांच्या आसपास. म्हणजे पुणे-नाशिककरांची वर्षातले आठ-नऊ महिने चंगळ. मेमध्ये कुंडी खिडकीतून काढून घरातल्या सर्वांत गार जागी, फरशीजवळ ठेवा. फुलं थांबतील, झाड थांबणार नाही. मुंबईकरांना दमटपणाचा फायदा, पण हवा खेळती हवी, आणि पावसाळ्यात पाणी निम्मं करा. देठांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मिलीबग. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसून काढा आणि ते झाड इतरांपासून लांब ठेवा. मांजरवाल्यांसाठी गुड न्यूज, हे झाड मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाही.

एका पानाची गोष्ट

माझ्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काकू राहतात. तीस वर्षं त्यांच्या बाल्कनीत गुलाब, जास्वंद आणि तगर होती. पहाटे उठायचं, देवाची फुलं काढायची, मग चहा. काका गेल्यावर दिवस कुठून सुरू करायचा, हे त्या बाल्कनीनेच ठरवून दिलं. मग शेजारच्या बंगल्याच्या जागी टॉवर उभा राहिला. दोन वर्षांत ऊन एकेक फूट मागे सरकत गेलं आणि शेवटी रस्त्यावर जाऊन थांबलं. जास्वंदीने सगळ्यात शेवटी हार मानली.

‘आता पुडी लावलीय,’ काकू एकदा जिन्यात म्हणाल्या, ‘रोज दाराला अडकवून जातो मुलगा. चांगली असतात फुलं. पण पुडीतल्या फुलांसाठी कुणी पहाटे उठतं का गं?’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी वर जाऊन एक पान आणून दिलं.

हो, पानच. आफ्रिकन व्हायोलेटची खरी जादू इथे आहे. एक निरोगी, मधल्या रांगेतलं पान घ्यायचं, देठ इंच-दीड इंच ठेवून तिरका कापायचा आणि ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये खोचायचा. वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, म्हणजे ओल टिकते. तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात, दोन-तीन महिन्यांत पानाच्या पायथ्याशी उंदराच्या कानांएवढी पिल्लं दिसू लागतात. ती सुटी करून वेगवेगळी लावायची. पान लावल्यापासून पहिल्या फुलापर्यंत आठ ते दहा महिने धरा. म्हणजे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट साइन करताना पान लावलंत, तर रिन्यूअलच्या आत फूल!

काकूंच्या पानाला चार पिल्लं झाली. दुसऱ्या वर्षी खिडकीच्या कट्ट्यावर नऊ कुंड्या होत्या आणि श्रीखंडाच्या डब्यांसाठी त्या सगळ्या बिल्डिंगमध्ये निरोप पाठवत होत्या. मी विचारलं, देवाला चालतात का ही आफ्रिकेची फुलं? ‘न चालायला काय झालं? पण तोडत नाही मी. झाडावर दोन-तीन आठवडे टिकतात, तोडून काय मिळवायचं? सणाला कुंडीच नेऊन ठेवते देवापुढे.’

आणि मग, अगदी सरळ, ‘गुलाबाची सर मात्र नाही हं याला. वासच नाही.’

खरंय. आफ्रिकन व्हायोलेटला सुगंध नसतो, आणि गेलेलं ऊन ती परत आणत नाही. समोरचा टॉवर तिथेच आहे. फुलांची पुडीही चालूच आहे. पण काकू सकाळी पुन्हा लवकर उठतात, कारण नऊ कुंड्या फिरवायच्या असतात.

तिकडे उलटं चाललंय

आपल्या खिडकीतलं ऊन गेलं म्हणून आपण हे झाड आणतो. त्याच्या गावात मात्र सावली जातेय. उसांबाराच्या जंगलांचा मोठा भाग गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शेतीसाठी, चहाच्या मळ्यांसाठी आणि लाकडासाठी तुटला. वरची झाडं गेली की खडकावर थेट ऊन पडतं, शेवाळ वाळतं आणि त्या खाचेतली व्हायोलेटही. जगभरातल्या लाखो खिडक्यांमध्ये दिसणाऱ्या या झाडाचे बरेच रानटी प्रकार आज धोक्यात आलेले आहेत. काही प्रकार तर एखाद-दुसऱ्या डोंगरापुरते किंवा ओढ्यापुरतेच उरलेत. पूर्व उसांबारात १९९७पासून अमानी संरक्षित क्षेत्र आहे, तिथे त्यांना थोडा आसरा आहे.

आपल्या कुंडीतल्या संकरित झाडामुळे ते रान वाचत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. बाजारातलं झाड पानांपासून आणि लॅबमध्ये वाढवलेलं असतं, जंगलातून आणलेलं नव्हे, ही त्यातली चांगली गोष्ट. पण आपल्या गल्लीतलं जुनं झाड पार्किंगसाठी तोडायची नोटीस लागते तेव्हा सावली ही काही फुकटची, आपोआप मिळणारी गोष्ट नसते, एवढं तरी आपल्याला आठवायला हरकत नाही. त्या झाडाच्या सावलीत काय काय राहत होतं, हे ते पडल्यावरच दिसतं.

या वीकेंडला काय कराल?

नर्सरीत जा. फुलांनी लगडलेलं झाड घेऊ नका. मधली पानं ताठ आणि ताजी आहेत, दोन-चार कळ्या उघडायच्या बाकी आहेत, देठांमध्ये पांढरं काही नाही, असं बघून घ्या. घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून वेगळं ठेवा. कळ्या गळल्या तर घाबरू नका, घर बदलल्यावर सगळ्यांनाच थोडा वेळ लागतो.

आणि झाड रुळलं, की त्याचं एक पान काढून कुणाला तरी द्या. ऑफिसमधल्या त्या मैत्रिणीला, जिच्या डेस्कवर कधीच दिवस उजाडत नाही. किंवा खालच्या मजल्यावर बेल वाजवा. पान खिशात मावतं, ओल्या टिश्यूत गुंडाळलं तर दिवसभर टिकतं. देताना फक्त एवढंच सांगा: पाणी कमी घाल!